फाटक बंद, नंबर ४७



आडगावच्या रेल्वे फाटकावर गेटमनच्या खोलीत एक फोन असतो. जे फाटक सिग्नलशी जोडलेलं नाही, तिथे गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फोन करून फाटक लावायला सांगतात. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो आणि मगच फोनवर एक आकडा सांगतो, समजा, ४७. रेल्वेत याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. छापील कागदावर असे नंबर उलटसुलट दिलेले असतात. एक वापरला की त्यावर काट मारायची. दोघांनीही तो आपापल्या वहीत लिहायचा. नंबर आला नाही, तर फाटक बंद झालं असं मास्तरांनी धरायचं नाही.

ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. "हो साहेब" हे काय, अर्धवट झोपेतही तोंडातून निघतं. नंबर द्यायचा म्हणजे कागद पुढ्यात घ्यावा लागतो, भान लागतं. शिवाय काम झाल्याची ग्वाही, ज्याने ते केलं त्याच्याच तोंडून येते.

आपल्या कचेऱ्यांत मात्र जावक क्रमांक पडला की निरोप पोचला असं समजतात. हल्ली व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणांवर भागतं. समोरच्याने त्यातून काय अर्थ घेतला, हे विचारायला कोणी थांबत नाही.

खालून वर जाणाऱ्या निरोपाची दशा तर याहून वाईट. इथेही रेल्वेकडेच पाहा. रुळांची तपासणी करत चालणाऱ्या कीमनला रूळ तुटलेला दिसला, तर तो लाल झेंडी घेऊन येणाऱ्या गाडीच्या दिशेने निघतो. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके तो रुळावर बसवतो. चाकाखाली फटाका फुटला की ड्रायव्हर गाडी थांबवतो; मग ती कितीही मोठ्या नावाची एक्स्प्रेस असो. कीमनला त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

एरवी कनिष्ठाने लिहिलेलं "पूल धोकादायक आहे" हे वाक्य पुढच्या टेबलावर "दुरुस्ती आवश्यक" होतं आणि त्याच्या पुढे "निधीच्या उपलब्धतेनुसार विचाराधीन". जागेवर जाऊन ज्याने पाहिलं, त्याचे मूळ शब्द शेवटच्या टेबलापर्यंत जसेच्या तसे गेले पाहिजेत. एवढा एक नियम प्रत्येक खात्याने करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.