पन्नास तासांची ओळख



बिऱ्हाड हलवणं मराठी घरांना नवीन नाही. रेल्वेत, सैन्यात, बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांनी दर तीन-चार वर्षांनी गाव बदललं. आज भुसावळ, उद्या इटारसी, परवा सिकंदराबाद. पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव घातलेलं असायचं आणि ते पुसट होण्याआधी पुढच्या बदलीचा हुकूम यायचा. पण त्या बदलीला एक आधार होता. नव्या गावी क्वार्टर तयार असे, त्याला लागून तसंच दुसरं क्वार्टर, मधे मैदान. पहिल्या संध्याकाळी शेजारीण पिठलं-भाताचं पातेलं घेऊन दारात उभी राही. केंद्रीय विद्यालयं १९६३ मध्ये सुरू झाली तीही मुख्यतः बदलीची नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी. अभ्यासक्रम सगळीकडे एकच, म्हणून जबलपूरला अर्धा राहिलेला धडा देवळालीला पुढे चालू.

लॅपटॉपवर काम करत गावोगाव राहणारी आजची कुटुंबं निराळी. त्यांना बदलीचा हुकूम कुणी दिलेला नसतो, ती आपल्या हौसेनं निघालेली असतात. बार्बाडोस आणि एस्टोनिया या देशांनी २०२० मध्येच अशा लोकांसाठी वेगळा व्हिसा काढला, पोर्तुगालनं २०२२ मध्ये. आई-बाबा आणि दोन मुलं तीन महिने बालीत, तीन महिने पोर्तुगालमध्ये, पावसाळ्यात गोव्यात, असं त्यांचं वर्ष जातं. घर मिळतं, वायफाय मिळतं, समुद्रही मिळतो. कॉलनी मात्र मिळत नाही.

तिथून एकटेपणाला सुरुवात होते. बालीचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. पुण्याचं ऑफिस संध्याकाळी साडेसहाला सुटतं तेव्हा तिथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, मुलं पेंगुळलेली आणि शेजाऱ्यांची दारं लागलेली. पोर्तुगालच्या मडेरा बेटावर हिवाळ्यात उलट होतं, पुण्याची सकाळी साडेनऊची मीटिंग तिथे पहाटे चारला. दिवसाचा जो वेळ माणसांत जायचा, तोच पडद्यासमोर जातो. दोघांपैकी एकाचीच नोकरी असेल तर दुसऱ्याचे हाल अधिक, कारण त्याला मीटिंगमधली माणसंसुद्धा भेटत नाहीत. आणि दहा वर्षांच्या मुलानं ज्वालामुखी पाहिलेला असतो, प्रवाळ पाहिलेलं असतं, पण वाढदिवसाला बोलवायला चार पोरं नसतात. हे दुःख लहान समजू नये. जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मधल्या अहवालात म्हटलं आहे, आणि त्याचे परिणाम शरीरापर्यंत पोचतात असंही.

मग मैत्री जमायला लागतं तरी काय? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा चक्क तासांत हिशेब मांडला. त्यांनी ज्यांना प्रश्न विचारले, त्यांत नुकतंच गाव बदललेली माणसं होती. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, खरी मैत्री व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. आठवड्यातून तीन तास भेटणाऱ्यांना पहिल्या पायरीवर यायलाच चार महिने लागतील. महिन्या-महिन्याला गाव बदलणारं कुटुंब तिथवर पोचणारच नाही! तेच, रोज संध्याकाळी दोन तास एकत्र घालवले तर पन्नास तास पंचवीस दिवसांत भरतात. जुन्या रेल्वे कॉलनीतल्या मैदानाचं काम नेमकं हेच होतं. हॉल यांना आणखी एक गोष्ट आढळली. एकत्र काम केल्याचे तास त्या मानानं फारसे उपयोगी पडत नाहीत. एकत्र जेवल्याचे, खेळल्याचे, नुसतं बसून गप्पा मारल्याचे तास कामाला येतात.

हे ओळखून काही गावांनी कॉलनी वसवून पाहिली आहे. मडेराच्या दक्षिण किनाऱ्यावर पोन्ता दो सोल नावाचं छोटं गाव आहे, उतारावर केळीच्या बागा आणि खाली समुद्र. फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोविड चालू असतानाच, तिथे दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वसाहत सुरू झाली. कामाची जागा दिली ती जॉन डॉस पासोस सांस्कृतिक केंद्रात. डॉस पासोस हे अमेरिकन कादंबरीकार, त्यांचे आजोबा याच गावातून अमेरिकेला गेले होते. ज्या गावातून माणसं पोटासाठी बाहेर पडली, तिथे जगभरची माणसं खुर्ची मागायला आली. बसायला टेबल आणि वायफाय फुकट, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आलेल्यांनी एकमेकांना भेटावं यासाठी मुद्दाम केलेली धडपड. बेटावर जुन्या पाटांच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटा आहेत. चार अनोळखी माणसं तिथून तीन तास चालून आली की त्यांच्या हिशेबात तीन तास जमा होतात.

मुलांची गरज वेगळी आहे, आणि तिच्याकडे लक्ष उशिरा गेलं. पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावी २०२२ मध्ये बाउंडलेस लाइफ या संस्थेनं कुटुंबांसाठीच सोय केली. घरं जवळजवळ, आईवडिलांना कामाची जागा, मुलांना शाळा, आणि मुक्काम साधारण तीन महिन्यांचा. सोय महाग आहे, सगळ्यांच्या आवाक्यातली नाही. पण तिच्यातलं तत्त्व फुकट घेता येतं. एकट्यानं जाण्यापेक्षा ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांनी एकाच वेळी एकाच वाड्यावर मुक्काम करावा, आणि मुक्काम तीन आठवड्यांचा नको, तीन महिन्यांचा असावा.

पैसे न मोजता हे जमतं ते गोव्यातल्या खेड्यात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर येतो, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक, हातात रबरी भोंगा. पों-पों ऐकू आलं की दारं उघडतात आणि लोक पाव, उंडे, पोई घ्यायला रस्त्यावर येतात. पाव घरपोच मागवणाऱ्या कुटुंबाचा पाव येतो, पण ती पाच मिनिटं हुकतात. ती पाच मिनिटं रोज उभं राहिलं की महिन्याभरात शेजारीण मुलाला नावानं हाक मारू लागते. जुन्या घरांना बल्कांव असतो, म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली ओसरी, दोन्ही बाजूंना बसायला कट्टे. तिथे संध्याकाळी बसलेल्या माणसाशी बोलायला ओळख लागत नाही. गावच्या मैदानावर फुटबॉल असतोच. पणजीत पाट्टोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनच्या परंपरेचं, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला म्हापशाच्या बाजारात शेजाऱ्यांबरोबर गेलेलं मूल रानफळांची दहा नावं शिकून येतं. परदेशात हेच दार मराठी मंडळ उघडतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे.

यजमान गावाचीही बाजू आहे. बाहेरून येणाऱ्यांमुळे भाडी चढतात, ही तक्रार लिस्बनमध्ये आहे तशी गोव्यातही आहे, आणि ती खरी आहे. आलेल्या कुटुंबानं आपल्यासारख्याच पाहुण्यांत कोंडून घेतलं तर गावाला फक्त गर्दी मिळते. शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक तास संगणक शिकवला, ग्रंथालयात गोष्ट वाचून दाखवली, तर नातं दोन्ही बाजूंनी जुळतं.

राहिला निरोप. पन्नाशीच्या दशकात रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. परक्या संस्कृतीत वाढणाऱ्या मुलांसाठी ‘थर्ड कल्चर किड्स’ हे नाव त्यांनी तेव्हा दिलं. पुढे डेव्हिड पोलॉक यांनी अशा मुलांसाठी गाव सोडण्याआधीच्या चार गोष्टी सांगितल्या: भांडणं मिटवायची, ज्यांनी जीव लावला त्यांना ते सांगायचं, माणसांचा आणि जागांचा रीतसर निरोप घ्यायचा, आणि मग पुढच्या गावाचा विचार करायचा. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, हातावर दही देतात. विमान पहाटेचं आहे म्हणून मुलाला झोपेतच गाडीत घालू नये. आदल्या संध्याकाळी मैदानावर जाऊन त्याला ‘येतो’ म्हणू द्यावं.

आणि आता जे श्रोते एका जागी स्थिर आहेत, त्यांना एक विनंती. सोसायटीत, वाडीत असं एखादं कुटुंब दोन महिन्यांसाठी उतरलं, तर ‘भाडेकरूच आहेत, जातील’ म्हणून दार लावून घेऊ नका. संध्याकाळी त्यांच्या मुलांना खेळायला हाक मारा. चहाला बोलवाल तेव्हा ‘या कधीतरी’ म्हणू नका, ‘गुरुवारी सहाला या’ म्हणा.