जुनी पिकअप : घेताना आणि बांधताना

(मंडळाच्या स्वयंरोजगार मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नव्हे. आमच्यापैकी काहींची उमर गाडीखाली उताणे पडून गेली, तर काहींची स्टिअरिंगमागे. जुन्या पिकअपवर चार शब्द बोलावेत असे मंडळाने सुचविले, आणि हा विषय आम्हालाही महत्त्वाचा वाटतो. आपल्या वस्तीतला, गावातला तरुण नोकरीची वाट पाहून थकला की पिकअप घ्यायचे मनात आणतो. नवी गाडी आवाक्याबाहेर असते. मग आईचे दागिने, वडिलांच्या फंडाचे पैसे आणि पतसंस्थेचे कर्ज असे सगळे एकत्र करून जुनी गाडी दारात येते. तिला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. घराची सगळी पुंजी त्या एका लोखंडी वस्तूत गुंतलेली असते. म्हणून ती घेण्याआधी काय पाहावे आणि घेतल्यावर तिच्यात काय बदलावे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

सुरुवात गाडीच्या रंगापासून करू नका, आर.सी.पासून करा. आर.सी.वर दोन आकडे असतात. एक गाडीचे मालासह एकूण वजन, दुसरा रिकाम्या गाडीचे वजन. या दोहोंची वजाबाकी म्हणजे तुम्ही विकत घेत असलेली ताकद. समजा एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामे १,६०० किलो आहे, तर उरतात १,३०० किलो. सिमेंटच्या ५० किलोच्या गोण्या मोजल्या तर २६ झाल्या. पण थांबा. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. दोन माणसांचे १४० किलो वजा करा. मागच्या मालकाने हौद्याला लोखंडी अँगल आणि जाड पत्रा लावून १६० किलो वाढविले असतील, तर तेही वजा करा. राहिले १,००० किलो, म्हणजे २० गोण्या. सहा गोण्यांची जागा लोखंडाने आणि माणसांनी आधीच खाल्ली. म्हणून सौदा करण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. खर्च किरकोळ आहे, पण ती पावती मालकाच्या तोंडी हमीपेक्षा जास्त सांगते.

आता गाडी पाहण्याविषयी. शक्यतो सकाळी जा आणि आपण येण्याआधी गाडी सुरू करू नका असे मालकाला सांगून ठेवा. गेल्याबरोबर बोनेटला हात लावा. गरम लागले तर थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारे इंजिन तुमच्यापासून लपविलेले असू शकते. सुरू झाल्यावर धूर पाहा. निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन ऑईल जळते आहे. रेस केल्यावर फार काळा धूर येत असेल तर डिझेल नीट जळत नाही. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर सुटत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मग ऑईल भरण्याचे झाकण उघडा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत आणि थोड्याच दिवसांत इंजिन खोलावे लागेल. हा खर्च किमतीतून आधीच कापून घ्यावा.

इंजिनाचे काम एकवेळ पुन्हा करता येते. चेसिसचे तसे नाही. आमच्या मते जुन्या पिकअपमध्ये सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळ पाहण्याची गोष्ट चेसिसच होय. बॅटरी घेऊन गाडीखाली शिरा. मागचे पाटे जिथे चेसिसला टांगलेले असतात त्या जागी तडे पडतात. तिथे वेल्डिंगचे डाग, वरून ठोकलेली पट्टी किंवा फक्त तेवढ्याच भागाला दिलेला ताजा काळा रंग दिसला की समजावे, ही गाडी जादा माल वाहून थकली आहे. गाडीने पूर्वी काय वाहिले हेही विचारा. वाळू-विटा वाहणारीचे पाटे सपाट झालेले असतात. मासळी वाहणारीच्या हौद्यातून बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे खाली झिरपते आणि तळाचा पत्रा व चेसिस आतून कुजवते. कोकणपट्टीतून स्वस्त मिळालेली गाडी हातोडीने हलकेच ठोकून पाहावी. घट्ट लोखंडाचा आवाज वेगळा आणि कुजलेल्याचा वेगळा, तो कानाला लगेच कळतो. पुढचे टायर एकाच कडेने झिजले असतील तर अलाइनमेंट, बुश किंवा किंगपिन पाहा. शेवटी गाडी भरून चालवा, निदान चार माणसांच्या वजनाइतका माल टाकून. रिकाम्या गाडीचा गिअर सटकत नाही, भरलेल्या गाडीचा चढावर सटकतो.

आता कागदपत्रांकडे वळू. विद्यार्थी मित्रांनी हा भाग विशेष लक्ष देऊन ऐकावा, कारण घरात मोबाईल चालविणारे तुम्हीच असता. गाडीचा नंबर टाकला की सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर आणि ‘एम-परिवहन’ ॲपवर फिटनेस, विमा, कर आणि बोजा यांची स्थिती दिसते. थकलेली ई-चलने स्वतंत्रपणे पाहावीत. चेसिस नंबर मात्र स्वतःच्या डोळ्यांनी लोखंडावर वाचा आणि आर.सी.शी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत. फिटनेसचा विचारही किमतीत धरा. मालगाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी होतो, त्यानंतर दरवर्षी. पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे. म्हणजे फार स्वस्तात मिळालेली फार जुनी गाडी दर वर्षी आपली किंमत पुन्हा वसूल करते.

बाजारात एक रीत सर्रास चालते. विकणारा कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो, घेणारा ते कपाटात ठेवतो, सहा महिन्यांनी त्याच सह्यांवर गाडी तिसऱ्याला विकतो. नाव मात्र पहिल्याचेच राहते. यात घेणाऱ्याचा आर.टी.ओ.चा खर्च वाचतो, पण विकणाऱ्याच्या मानेवर सुरी राहते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे की अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली तर ज्याचे नाव नोंदीत आहे तोच कायद्याने मालक. मधल्या विक्रीच्या चिठ्ठ्या तिथे उपयोगी पडत नाहीत. आणि घेणाऱ्याचे तरी काय? गाडी त्याच्या दारात, हप्ता त्याच्या डोक्यावर, आणि कागदावर तो कोणीच नाही. एकाच राज्यातील व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज घेणाऱ्याने १४ दिवसांत करायचा असतो. व्यापाऱ्याकडून गाडी घेत असाल तर तो आर.टी.ओ.कडे अधिकृत नोंद झालेला आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांसाठी वेगळे नियम लागू झाले आहेत आणि गाडी त्याच्या ताब्यात असतानाची जबाबदारी त्याच्यावर येते.

गाडी नावावर झाली, आता ती आपल्या कामाप्रमाणे बांधायची. इथे तरुणांचा उत्साह फार असतो. पहिली मागणी येते, “मिस्त्री, मागे दोन पाटे वाढवा.” दोन पाटे वाढविले की गाडी बसत नाही, म्हणून ती जास्त माल पेलते असे वाटते. वास्तविक पाटा वाढला म्हणून चेसिस वाढत नाही, ॲक्सल वाढत नाही आणि ब्रेक तर मुळीच वाढत नाहीत. उलट एक वाईट गोष्ट घडते, जी पुष्कळ जुन्या ड्रायव्हरांनाही ठाऊक नसते. अनेक पिकअपांत मागच्या ब्रेकच्या लाइनवर भार ओळखणारा एक वॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी सरकते आणि वॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. पाटे कडक केले की हौदा बसतच नाही. दीड टन माल पाठीवर असताना वॉल्व्हला गाडी अर्धी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. हे खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर कळून काय उपयोग? थकलेले पाटे जरूर बदला, पण कंपनीने दिले तेवढेच आणि त्याच जाडीचे घाला.

हौदा बांधताना उंचीचा मोह आवरा. फळ्या जितक्या उंच तितका माल वर चढतो आणि वळणावर गाडी तितकी कलते. मागे फाळका लांबविला तर माल मागच्या चाकांच्या पलीकडे जातो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात फुलासारखे फिरते. ते सुख नव्हे. भाजी वाहायची असेल तर हवा खेळणारी जाळी, कमानी आणि चांगली ताडपत्री एवढे पुरे. चेसिसवर वेल्डिंग करू नका. तिच्या वरच्या-खालच्या कडांना भोक पाडू नका. हौदा यू-बोल्टने बांधा आणि मध्ये लाकडाची पट्टी द्या. हौद्यावर वेल्डिंग करायचे झाले तरी आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर नव्या गाड्यांतला कॉम्प्युटर जळतो. बी.एस. ६ गाडीच्या सायलेन्सरमधील धूर गाळणारी जाळी ‘ॲव्हरेज वाढते’ म्हणून कापून देणारे कारागीर भेटतील, त्यांना नमस्कार करून निघून यावे. जादा दिव्यांसाठी मूळ वायर सोलू नका, रिले आणि फ्यूज टाकून वेगळी लाइन ओढा. परावर्तक पट्टीत कंजुषी नको. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

उघड्या हौद्याचा बंद डबा करायचा किंवा पाण्याची टाकी बसवायची असेल तर ती गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेला मूळ तपशील आणि आर.सी. यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. म्हणून आधी आर.टी.ओ.ला विचारा, लेखी परवानगी घ्या, मगच मिस्त्रीकडे जा आणि झालेल्या बदलाची नोंद आर.सी.वर करून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. एका खेपेत चार गोण्या जास्त टाकून किती मिळतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

लायसन्सबद्दल एक दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. पिकअप त्यात सहज बसते.

आता एक गोष्ट, जी या सभागृहात बोललीच पाहिजे. लग्न असो, जत्रा असो की आपला सहा डिसेंबर असो, वस्तीतल्या लोकांना पिकअपच्या हौद्यात बसवून नेण्याची पद्धत आहे. काही तरुण तर त्यासाठी हौद्यात बाकडी ठोकून घेतात. भाडे कमी पडते, सगळे एकत्र जातात, गाणी म्हणत जातात. आम्हीही हे सर्व जाणतो. परंतु मालगाडीचा विमा या माणसांसाठी नसतो. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण मिळाले. सहज बसवून घेतलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ठरविले. म्हणजे हौदा उलटला तर जखमींच्या घरी काही पोचण्याची खात्री नाही, आणि भरपाईचा बोजा त्या तरुणावर पडतो, ज्याने आईचे दागिने मोडून गाडी घेतली. मंडळाला आमची विनंती आहे की पुढच्या कार्यक्रमासाठी वर्गणी थोडी वाढवावी आणि बस ठरवावी. बाकड्यांचे काम आमच्याकडे आले तर आम्ही ते करीत नाही.

राहता राहिला पहिला महिना. गाडी घरी आल्यावर तिन्ही ऑईले बदला, म्हणजे इंजिनचे, गिअर बॉक्सचे आणि डिफरन्शियलचे. आधीच्या मालकाने कधी बदलली यावर विसंबू नका. ब्रेक ऑईल, डिझेल फिल्टर, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरचे पाइप नवे घाला. ग्रीसिंग करा. हौदा नव्याने बांधला असेल तर पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदा पान्याने आवळा. लाकूड दबते आणि नट सैल पडतात. ते काम मालकाने स्वतः गाडीखाली जाऊन करावे.