बंब येईपर्यंत
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज घरात ठेवलेल्या कापसावर बोलायचं आहे. भाव चढेल या आशेनं कापूस घरात भरायचा, गोठ्याला लागून कडब्याची गंजी रचायची, चुलीसाठी पऱ्हाटीचा ढीग भिंतीला टेकवायचा आणि वरून विजेची लोंबती तार. एक ठिणगी पडली की वर्षाची कमाई, चारा आणि दावणीची जनावरं एकदमच जातात.

बंब असतो नगरपरिषदेच्या गावी. तो वीस-तीस किलोमीटरवरून येईपर्यंत गंजीची राख झालेली असते. असं का? १९९२ साली संसदेनं ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. शहरांसाठी बारावी अनुसूची आली, विषय १८. त्यातला सातवा विषय अग्निशमन. खेड्यांसाठी अकरावी अनुसूची आली, विषय २९. त्यात अग्निशमन नाही. म्हणजे शहरातली आग कोणी विझवायची ते लिहिलेलं आहे. कन्नड-सोयगावच्या डोंगरपायथ्याला वस्तीवर लागलेली आग कोणी विझवायची, ते तिथं लिहिलेलं नाही.

तालुक्याला पुरेसे बंब हवेत ही मागणी आपण करूच. पण मागणीच्या कागदानं गंजी विझत नाही. जर्मनीसारख्या श्रीमंत देशातही खेड्यापाड्यांतली आग गावचेच लोक विझवतात. तिथं असे सुमारे १० लाख स्वयंसेवक आहेत. बंब सरकारचा, हात गावाचे.

कापसाची आग फसवी असते. वरची ज्वाळा विझते, आत धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. आग गाठींच्या बाजूला लागली. दोन तास पाणी मारूनही ती विझली नाही आणि स्फोट झाला. ६० हून अधिक अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आपल्यासाठी धडा साधा आहे : जळालेला कापूस मोकळ्यावर ओढून काढा, फोडा, भिजवा आणि रात्रभर राखण ठेवा.

गावात पंधरा जणांचं पथक करा. कामं आधीच वाटून घ्या. एकानं १०१ किंवा ११२ ला फोन करायचा आणि बंबाला वाट दाखवायला फाट्यावर उभं राहायचं. एकानं वायरमनला सांगून वीज बंद करून घ्यायची. ती बंद झाल्याशिवाय तारेजवळ पाण्याचा थेंबही टाकायचा नाही. दोघांनी विळ्यानं दावी कापून जनावरं सोडायची. बाकीच्यांनी पेटलेल्या गंजीच्या मागं लागू नये. शेजारची गंजी आणि छप्पर भिजवावं, मधला कडबा ओढून जागा मोकळी करावी. ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर आणि धुऊन ठेवलेला फवारणीचा एचटीपी पंप हाच आपला बंब. डिझेल-पेट्रोलवर माती टाका, पाणी नको. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं थंड पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट लावू नका. आणि पेटत्या घरात कापसासाठी कोणीही शिरायचं नाही. कापूस पुन्हा पिकतो.

आग लागूच नये म्हणून गंज्या घरापासून आणि एकमेकींपासून दूर रचा. तारेखाली रचू नका. बांध पेटवू नका. पऱ्हाटीचे ढीग घराशी ठेवू नका. त्यात गुलाबी बोंडअळीही दडून राहते. पऱ्हाटीचा भुगा करून जमिनीत घाला.

एवढं करूनही नुकसान झालंच, तर राख उचलू नका. फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, नक्कल मागा. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे. पंचनामा नसेल तर मदतीचा अर्ज कशाच्या जोरावर करणार?

रब्बी ज्वारीचा कडबा घरी येतो तेव्हाच ऊन चढू लागतं. म्हणून होळीच्या आत प्रत्येक गावानं पंधरा नावं ठरवावीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फोन नंबरासह लिहावीत आणि एकदा तालीम घ्यावी. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती यादी सोबत आणा. आम्ही गाव पुकारून विचारणार आहोत.