दहा श्वासांना एक मणी



तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला आहे की साधी सर्दी, हे कोणी ठरवायचं? डॉक्टरांनी, असंच आपण म्हणू. पण गडचिरोलीच्या जंगलातल्या एखाद्या टोल्यावर, पावसाळ्यात नाले भरलेले असताना, बाळाजवळ असायची ती सुईण. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि तिला पन्नासपर्यंत मोजता येत नसे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. औषध सुरू करायचं. शिकलेल्या माणसाच्या हातचा निर्णय असा अडाणी म्हटल्या गेलेल्या बाईच्या हातात आला. सुईणी आणि गावातल्या आरोग्यसेवकांनी उपचार केलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेतली गेली. गावातलीच थोडी शिकलेली बाई बाळाचं वजन करी, ऊब देई, जंतुदोषाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही देई. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांच्या, हातून ही घरपोच काळजी देशभर देण्याची योजना केंद्र सरकारने आणली ती २०११ मध्ये.

बारा वर्षं! पुरावा समोर असताना. आणि योजना आली तेव्हाही इंजेक्शन मात्र आशाताईच्या हाती दिलं नाही. सावधगिरी मला कळते. चुकीच्या सुईची भीती खरी आहे. पण दवाखान्यापर्यंत न पोचलेल्या बाळाची नोंद त्या भीतीच्या हिशेबात कुठे होते? धोका मोजायचा तर दोन्ही बाजूंचा मोजायला हवा, आणि तो मोजताना सुईणीला, आशाताईला बैठकीत बसवायला हवं.

तुमच्या घरी बाळंतीण दवाखान्यातून आली असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायला हवी. ती आली नाही, तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. आली, तर तिला बाळाचं वजन करू द्या.