उत्तराआधीची वाट
(प्राथमिक शाळेचे गणित आणि पडद्यावरचा वर्ग : व्याख्यानाचा लेखी मसुदा)



मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले आणि थोड्याच दिवसांत वर्ग मोबाइलच्या वीतभर पडद्यावर येऊन बसला. शाळा पुढे उघडल्या. परंतु शिकवणीच्या वा उजळणीच्या निमित्ताने तो पडदा अनेक घरांत आजही उजळतो. त्या वर्गात गणिताचे खरे नुकसान जोडणी तुटल्याने होत नाही. उत्तर दिसते, पण ते कसे आले हे दिसत नाही, याने होते.

प्रत्यक्ष वर्गात शिक्षिका बाकांमधून फिरते. कोणी बोटे मोजतो, कोणी खाडाखोड करतो, कोणी खिडकीबाहेर पाहत मनात जुळवतो; ते तिच्या नजरेस पडते. पडद्यावर केवळ ६५ हा आकडा उमटतो. तो मुलाचा, शेजारी बसलेल्या आईचा की गणकयंत्राचा, हे कोणी सांगावे?

३८ अधिक २७ हेच उदाहरण घ्यावे. एक मूल ३० आणि २० यांचे ५०, ८ आणि ७ यांचे १५, असे ६५ करते. दुसरे २७ मधील २ काढून ३८ ला देते. ४० आणि २५ झाले की काम संपले. तिसरे ३८ मध्ये ३० मिळवून ६८ करते व जास्तीचे ३ परत घेते. हातचा घेणारे चौथेही बरोबरच. या साऱ्या वाटा ओळखीच्या असणे आणि प्रसंग पाहून त्यांतील सोयीची निवडता येणे, यालाच लवचीक गणिती विचार म्हणावयाचे. पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत असलेल्या जुन्या दुकानदारास तो परका नव्हता. अर्थात, अर्थ हरवला की तीच पावकी ओझे होते, हेही खरे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीस 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा थट्टा पुष्कळ झाली. डॉ. मंगला नारळीकर यांच्या पुढाकाराने आलेल्या त्या बदलाचा रोख मात्र साधा होता : संख्येतील दशक व एकक मुलाच्या कानालाही कळावेत. आवाज तुटत असताना 'एकोणसत्तर' ऐकून गोंधळलेल्या मुलास 'साठ नऊ' म्हणून सांगितले, तर त्यात मराठीचे काही बिघडत नाही.

एकच संख्या अनेक रूपांत पाहण्याची परंपरा तर आपल्या घरचीच आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १ ही संख्या, अंशस्थानी १ असलेल्या अपूर्णांकांची बेरीज म्हणून मांडण्याची रीत दिली. १/२, १/३ व १/६ मिळून १. तसेच १/२, १/३, १/९ व १/१८ मिळूनही १. चौकटींच्या वहीत अठरा घरांची पट्टी आखून ९, ६, २ आणि १ घर निरनिराळ्या रंगांनी भरले, की पाचवीतील मूल हे डोळ्यांनी पाहते आणि पट्टी कॅमेऱ्यापुढे धरून दाखवते.

लहानांसाठी सात ठिपक्यांचे कार्ड दोन-तीन सेकंद दाखवावे आणि 'किती?' याबरोबरच 'कसे दिसले?' असे विचारावे. कोणाला तीन आणि चार, कोणाला पाच आणि दोन दिसतात. उत्तर सुचले की मुलाने अंगठा छातीशी धरावा. सर्वांचे अंगठे येईपर्यंत कोणी आकडा लिहू नये, कारण पहिला आकडा झळकताच उरलेली मुले विचार थांबवतात. ज्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, तेथील मुलाने सायंकाळी आपली रीत बोलून ध्वनिमुद्रित करून पाठवली तरी चालते.

कठीण काम पालकांचे आहे. शिक्षिका थांबते, मूल गप्प राहते, आणि पडद्याबाहेरून आई हळूच 'पासष्ट' असे पुटपुटते. त्यात फसवणूक नसते, चारचौघांत आपले मूल मागे पडल्याची लाज असते. मूल मात्र त्याच वेळी २७ मधील २ काढून ३८ ला देत असते.