लहान वय, मोठी पदवी



आज गुणवंतांचा सत्कार झाला. टाळ्या वाजविताना आम्हाला दोन मुलांची आठवण झाली. १९०९ साली ही दोघे अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाली.

पहिला विल्यम सायडिस, वय अवघे ११. वडील मानसशास्त्रज्ञ. जानेवारी १९१० मध्ये या मुलाने विद्यापीठाच्या गणित मंडळापुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिले. वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. १६ व्या वर्षी तो पदवीधर झाला. पुढे मात्र त्याने प्रसिद्धीकडे पाठ फिरविली, साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या आणि ट्रामची तिकिटे जमविण्याचा छंद जोपासला. १९३७ साली एका साप्ताहिकाने त्याच्या या जगण्याचे हसे केले. तो न्यायालयात गेला. पण एकेकाळी तो प्रसिद्ध होता, त्याचे पुढे काय झाले यात लोकांना रस आहे, असे म्हणून १९४० साली त्याचे अपील फेटाळले गेले. १९४४ मध्ये ४६ व्या वर्षी तो वारला.

दुसरा नॉर्बर्ट विनर. १४ व्या वर्षी पदवी, १८ व्या वर्षी डॉक्टरेट. वडिलांनीच शिकविले, चुकला की कडक बोलून. मुलगा असामान्य नाही, ही आपल्या शिकवणीची किमया आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ते छापून आलेले मुलाने वाचले. म्हणजे यश वडिलांचे आणि अपयश तेवढे आपले! हा सल त्याने १९५३ च्या आत्मचरित्रात मांडला. पण विनरला आवडीचे काम सापडले. १९४८ साली त्याने सायबरनेटिक्स या नव्या शास्त्राचा ग्रंथ जगाला दिला. १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतही तो येऊन राहिला.

सायडिसला आम्ही अपयशी म्हणणार नाही. त्याला साधेपणाने जगायचे होते, जगाने जगू दिले नाही, एवढेच.

पालकहो, मुलाची झेप मोठी असेल तर त्याला अडवू नका. पण तो पुस्तके वाचतो तसा खेळतो का, त्याला बरोबरीचे मित्र आहेत का, हेही पाहा. त्याची बुद्धी पाहुण्यांपुढे मांडण्याची वस्तू नव्हे. विद्यार्थी मित्रहो, कोणी २१ व्या वर्षी पदवी घेतो, कोणी नोकरी सांभाळून ३५ व्या. उशीर झाला म्हणून ज्ञान कमी होत नाही. मात्र ती पदवी तुमची स्वतःची असावी.