एक ग्रॅमचा मुलामा

झरी जामणीसारख्या गावात अमावस्येला अंगणात बाज टाकून पडलं, की आकाशगंगा लख्ख दिसते. असंच आभाळ पाहायला पुणे जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावर ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने 2006 साली दुर्बीण सुरू केली. तिचा आरसा 2 मीटर व्यासाचा.

घरच्या आरशाला कलई मागून असते, अशा दुर्बिणीच्या आरशाला मुलामा पुढून. म्हणजे धूळ, दमट हवा थेट त्याच्यावरच! त्याने चमक उतरते. मग जुना थर रसायनाने धुऊन काच निर्वात टाकीत ठेवतात. टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियम तापवतात, त्याची वाफ काचेवर बसते. थर साधारण 100 नॅनोमीटरचा. केस याच्या कैकशे पट जाड. हिशोब केला तर 2 मीटरच्या आरशावर एक ग्रॅमही धातू नसतो. बोट मात्र लावायचं नाही हं.